ओहोटीचं वेळापत्रक

बोटविड बस चालवतो.
गोटलंडच्या उत्तर टोकाहून दक्षिण टोकापर्यंत,
अडीच तास, मध्ये एकदा कॉफी.
तेवढ्यात एक कोटी वर्षं होतात, असं तो तिकीट देताना सांगतो
आणि नवख्या माणसाने हसावं म्हणून थांबतो.

पण हिशेब खरा आहे.
हातातलं ताट कलावं तसं हे बेट आग्नेयेला कललंय:
उत्तरेला सगळ्यात जुना तळ उघडा पडला,
दक्षिणेला सगळ्यात उशिराचा.
वर रस्ता सरळ, डांबरी, दोन्हीकडे मेंढ्या.
खाली समुद्रामागून समुद्र.

उथळ होता तो. कुठे कमरेएवढा, कुठे पुरुषभर,
ऊन तळाला लागायचं.
तेव्हा ही जमीन विषुववृत्तापाशी होती,
बर्फ तिला ठाऊक नव्हता.
उशांच्या आकाराचे प्राणी एकमेकांवर बसले
आणि पुन्हा उठले नाहीत.
समुद्रकमळं देठांवर डुलली, मोडली,
देठांचे मणी झाले, लाटांनी त्यांच्या राशी लावल्या.

इल्वा, वय सात, मागच्या सीटवरून ओरडते:
मग समुद्र गेला कुठे?
बोटविड आरशात बघतो.
"भांडं भरलं गं."
एवढंच. गिअर बदलतो.

खरंच भरलं.
जे जे जगलं त्याच्या चुन्याने तळ वर आला,
पाण्याला स्वतःच्याच घरात बसायला जागा उरेना,
मग बिऱ्हाड उचलून ते जरा पुढे सरकलं.
तिथेही तेच.
आधी चिखल, त्यावर प्रवाळ, त्यावर वाळू.
मधेच पाणी परतायचं, विसरलेली वस्तू न्यायला आल्यासारखं,
आणि लाखभर वर्षं मुक्काम ठोकायचं;
पुन्हा चिखलापासून सुरुवात.
जे एके काळी शेजारी-शेजारी नांदलं
ते आता कड्यात एकावर एक दिसतं.
शेजार उभा राहिला.

बोटविडचे वडील, योरान, भट्टीवर होते.
प्रवाळ फोडायचं, रचायचं, चार दिवस चार रात्री जाळायचं.
कळीवर पाणी ओतलं की ती फुसफुसायची,
जुनी ओळख पटल्यागत.
एकदा ती त्यांच्या डोळ्यात उडाली.
उरलेल्या एका डोळ्याने त्यांनी बाकीचं आयुष्य बघितलं, आणि म्हणायचे,
जगाला चुना लावता येतो रे,
चुन्याला नाही.

मधला थांबा चर्चचा.
तिथे आईची शिळा आहे. हल्वी, आणि पुढे दोन तारखा.
दरवर्षी पाऊस थोडा दगड खातो.
ह पुसट झाला, एक साल गेलं,
पण त्याच जागी, अक्षरांच्या खालून,
एक समुद्रकमळ वर येतंय, पाकळ्यांसकट,
गेल्या उन्हाळ्यापेक्षा स्पष्ट.
बोटविडने कोरक्याला बोलावलं होतं, अक्षरं पुन्हा खोल करायला.
कोरक्या आला, बोट फिरवलं, म्हणाला, यांतलं कुठलं ठेवू?
अजून उत्तर दिलेलं नाही.

शेवटचा थांबा.
इथला दगड हातात घेतला तर गाबोळीसारखा,
दाणा दाणा गोल, उथळ पाण्यात मागेपुढे लोळून झालेला.
शेवटी शेवटी समुद्राला काही उभारायचं नसावं,
नुसतंच खेळत बसला.

इल्वा उतरते, खिसे जड.
पलीकडे बोटविडच्या पणजोबांची होडीची खोप,
दार समुद्राकडे, पण समुद्र तीस पावलं दूर.
मोठ्या बर्फाचं ओझं उतरलं तेव्हापासून
जमीन अजून उठतेय, नखाहूनही सावकाश.
खोपीत दोर आहे, होडी कधीच विकली.
दर वर्षी तो दोराला डांबर लावतो.
कशाला, असं बायको विचारते.

पाच मिनिटं इंजिन बंद.
मग तो उत्तरेची पाटी लावतो
आणि रिकामी बस घेऊन
चिखलाकडे निघतो.